गरुडाचे घरटे मोजता, मग मुशी किलोत का लिहिता? मत्स्यव्यवसाय खाते आणि मच्छीमार संस्थांना खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
तसेच पालघर ते सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी

विषय: बंदरावरच्या वहीतला 'मुशी' हा एकच रकाना मोडून जात, नर-मादी आणि लांबी यांची नोंद सुरू करण्याबाबत.

महोदय,

कोकणात एखाद्या जुन्या आंब्यावरचे सागरी गरुडाचे घरटे वादळात पडले तर गावात चार जण तरी ते सांगतात. झाड कोणाचे, जोडी किती वर्षे येत होती, यंदा पिल्लू होते की नव्हते, सगळे तोंडपाठ. त्याच गावच्या बंदरावर त्याच सकाळी मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, पंधरा टोपल्या उतरल्या तर वहीत एक ओळ पडते: मुशी, अमुक किलो. टोपल्यांत किती जाती होत्या, माद्या किती, पोटात पिल्ले असलेल्या किती, जन्मून आठवडाही न झालेली किती, हे लिहायला वहीत जागाच नाही. हे पत्र त्या जागेसाठी आहे.

आधीच स्पष्ट करतो, मुशीवर बंदी आम्ही मागत नाही. ती खाण्याची मासळी आहे, बाळंतिणीच्या ताटात जाते, आणि नीट धरली तर पुढेही जात राहील. तक्रार एवढीच की एका शिकाऱ्याला आपण माणसांसारखे डोकी धरून मोजतो आणि दुसऱ्याला कांद्याबटाट्यासारखे तोलतो. त्यामुळे दुसऱ्याचे नेमके काय बिघडते आहे ते कळायची सोयच राहत नाही.

दोघेही एकाच अरुंद पट्ट्यात राहतात. पांढऱ्या पोटाचा सागरी गरुड, ज्याला ग्मेलिन या अभ्यासकाने १७८८ साली शास्त्रीय नाव दिले, किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर घरटे बांधतो आणि खाडीच्या तोंडावर शिकार करतो. मासे खातोच, पण समुद्रसापही त्याच्या खास आवडीचा. मुशी, म्हणजे म्युलर आणि हेन्ले यांनी १८३८ साली नाव दिलेली स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, त्याच उथळ पाण्यात थव्याने फिरते, नदीच्या मुखापर्यंत आत येते. तिचे खाणे म्हणजे जवळा, कोळंबी, लहान मासे, माकूळ. डोलीत, म्हणजे खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, जे हवे असते तेच तिलाही हवे असते, म्हणून ती डोलीत सापडते. यात गूढ काही नाही.

फरक सुरू होतो तो वंश वाढवण्यात. पक्षी अंडी घालतो आणि मासा अंडी घालतो, ही शाळेतली समजूत इथे निम्मीच खरी. गरुडाची मादी साधारणपणे दोन अंडी घालते, ती सुमारे चाळीस दिवस उबवली जातात आणि पिल्लू आणखी सत्तर-ऐंशी दिवस घरट्यात राहते. दोन्ही पिल्ले उडायला लागतील याची खात्री नसते, पुष्कळदा एकच तगते. मुशी अंडी घालत नाही, ती पिल्ले देते, तीही नाळेने पोसलेली. तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे असते, शार्कांतले सर्वांत लहान. त्यात बलक नावापुरताच, म्हणून गर्भ फार लवकर आईच्या गर्भाशयाला चिकटतो आणि पाच-सहा महिने तिच्याकडूनच अन्न घेतो. एका वेळी सहा ते अठरा पिल्ले, जन्मताना बारा ते पंधरा सेंटिमीटरची. मादी तेहतीस-पस्तीस सेंटिमीटरची झाली की वयात येते, म्हणजे जन्मापासून एक-दोन वर्षांत. आयुष्य मात्र पाच-सहा वर्षांचेच.

गरुडाचे गणित उलटे आहे. वयात यायला चार-पाच वर्षे, तोवर अंगावर तपकिरी पिसे. मग वर्षाला फार तर एक-दोन पिल्ले, पण ती पुढे कितीतरी वर्षे. त्यामुळे एक प्रौढ गरुड गेला तर भरून यायला फार वेळ लागतो आणि एखाद्या वर्षी पिल्लू झाले नाही तर तितकेसे बिघडत नाही. मुशीत एक मादी गेली तर जागा भरते, पण लागोपाठ दोन-तीन हंगाम पिल्लेच उचलली गेली तर पुढची पिढी वयातच येत नाही, आणि सहा वर्षांच्या आयुष्यात वाट बघायला वेळ नसतो. म्हणून गरुडासाठी प्रौढ पक्षी आणि त्याचे झाड जपायचे, मुशीसाठी पिल्लांची जागा आणि वेळ जपायची. दोघांना एकच औषध लागू पडणार नाही.

इथवरचे वाचून वाटेल की मग मुशीची काळजी कसली, ती तर झपाट्याने वाढते. इतर शार्कांच्या मानाने ते खरे आहे. अडचण अशी की टोपलीत मुशी एकटी नसते.

लिलावातल्या पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीच्या चार शार्क शेजारी शेजारी ठेवा. पहिली खरी मुशी, प्रौढ, बहुधा एकदा तरी व्यालेली. दुसरी दुधी शार्क, ऱ्हायझोप्रायोनोडॉन अॅक्युटस. ही वयात येते सत्तर-ऐंशी सेंटिमीटरला, म्हणजे अजून पोरवयातली. हिची पिल्ले एका वेळी एक ते आठ, आणि गर्भकाळ जवळजवळ वर्षाचा. तिसरी काळ्या टोकाच्या परांची शार्क, जी जन्मतानाच चाळीस ते सत्तर सेंटिमीटरची असते. चौथी कानमुशी, हातोडीसारख्या डोक्याची, तीही जन्मून काही दिवसांचीच. कानमुशीची मादी दोन मीटरच्या पुढे गेल्यावर वयात येते, आणि खाचा असलेल्या डोक्याची तिची जात आज जगभरात अतिसंकटग्रस्त गणली जाते. चौघींची लांबी एक, भाव जवळजवळ एक, आणि वहीत नावही एकच. आजी आणि तान्ही पोर एका रकान्यात.

गरुडाचे असे कोणी करील का? गरुडाचे तपकिरी पिल्लू, साधी घार आणि ब्राह्मणी घार तिन्ही किनाऱ्यावर एकाच वेळी उडत असतात, लांबून नवख्याची फसगतही होते. पण पक्षी मोजणारा कोणीही तिघांची बेरीज करून 'घार, एकूण सतरा' असे लिहून देत नाही. लिहिले तर त्याची वही कोणी हातात धरणार नाही. मुशीची वही मात्र आपण वर्षानुवर्षे अशीच लिहितो आणि तिच्यावरून उत्पादन वाढले की घटले ते ठरवतो. कानमुशीची पिल्ले संपत आली आणि खऱ्या मुशीचा एक हंगाम बरा गेला, तर बेरीज तशीच राहील आणि सगळे ठीक वाटेल.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था निवडक बंदरांवर नमुने घेऊन जातवार नोंद करते, हे आम्ही विसरलेलो नाही. पण नमुना घेणारा माणूस रोज प्रत्येक धक्क्यावर असू शकत नाही. मच्छीमार संस्थेचा माणूस असतो.

आता ओळखायचे कसे. चार गोष्टी पाहिल्या की पुरते. आधी डोके: हातोडी असेल तर पुढे बघायलाच नको. मग नाक: खऱ्या मुशीचे नाक लांब आणि इतके चपटे की बाजूने पाहिल्यास गवंड्याच्या थापीसारखे दिसते. मग पाठीवरचा मागचा, लहान पर: मुशीत तो अगदी बारीक असतो आणि त्याच्या खालच्या, गुदद्वारामागच्या पराच्या बराच मागे सुरू होतो. काळ्या टोकाच्या शार्कमध्ये हे दोन पर जवळजवळ एकमेकांच्या वरखाली येतात. शेवटी तोंडाचा कोपरा: दुधी शार्कमध्ये तिथे लांब, ठळक घडी असते, मुशीत ती जवळपास नसतेच. मुशी आणि दुधी यांचीच सर्वांत जास्त गल्लत होते, कारण दोघींतही मागचा पर मागे सरकलेला असतो, म्हणून तोंडाचा कोपरा बघितल्याशिवाय नाव लिहू नये. परांच्या काळ्या टोकांवर तर मुळीच विसंबू नये. बर्फात दोन दिवस घासलेल्या माशाचे काळे फिके पडते आणि अनेक जातींच्या पिल्लांच्या परांना थोडी काळी कड असतेच. शंका राहिली तर 'शंका' असेच लिहावे. चुकीच्या नावापेक्षा ती नोंद कितीतरी उपयोगाची.

नर-मादी ओळखायला चाकू लागत नाही. मासा उताणा करा. पोटाखालच्या परांच्या आतल्या कडेला बोटासारखे दोन अवयव असतील तर नर. ते आखूड आणि मऊ असतील तर अजून कच्चा, लांब आणि कडक होऊन सहज पुढे वळत असतील तर वयात आलेला. मादी वयात आली की नाही हे बाहेरून कळत नाही, तिथे लांबीवरच भिस्त.

आणि बेंबी. या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ ही. या सगळ्या जाती नाळेने पोसलेल्या, त्यामुळे पिल्लाच्या छातीच्या दोन परांच्या मध्ये नाळ तुटल्याची खूण असते. खूण उघडी, ओलसर चीर असेल तर पिल्लू काही दिवसांचे. चीर मिटून फक्त रेघ उरली असेल तर काही आठवड्यांचे. काहीच दिसत नसेल तर त्याहून मोठे. गरुडाच्या घरट्यात कापसासारख्या पिसांचे पिल्लू दिसले की अंडे कधी फुटले असेल ते जसे मागे मोजता येते, तसेच इथेही. उघड्या बेंबीची पिल्ले ज्या जाळ्यात आली त्या जागेच्या आसपासच ती जन्मली. पाळणाघर शोधायला याहून स्वस्त यंत्र नाही.

लांबी मोजायला एक मीटर लांबीची फळी घ्या, एका टोकाला उभी पट्टी ठोका आणि त्या पट्टीपासून मिलिमीटरच्या खुणा करा. नाक पट्टीला टेकवायचे, शेपटीचा वरचा फाटा सरळ मागे ओढून त्याच्या टोकाशी वाचायचे. एकाने शेपूट ओढून आणि दुसऱ्याने नैसर्गिक ठेवून मोजले तर एकाच माशात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि ज्या जातीची वयात येण्याची लांबी तेहतीस-पस्तीस आहे तिथे एवढ्या फरकाने कच्ची मादी प्रौढ होऊन बसते. कपडे शिवायची टेप तर अजिबात नको, ती माशाच्या फुगीर अंगावरून जाते आणि लांबी वाढवते. गोठून वाकडी झालेली मुशी मोजू नये, बाजूला ठेवून दुसरी घ्यावी.

किती मोजायच्या? एका प्रकारच्या जाळ्यामागे दिवसाला पन्नास, आठवड्यातून दोन दिवस. ऑगस्ट ते मे या दहा महिन्यांत प्रत्येक जाळ्याच्या प्रकाराच्या सुमारे चार हजार नोंदी होतात. एक माणूस मोजणारा, एक लिहिणारा. हात बसला की पन्नास मासे वीस मिनिटांत होतात. त्याहून जास्त वेळ लागू द्यायचा नाही, आणि याचे कारण पुन्हा या दोन प्राण्यांच्या फरकात आहे.

पक्षी शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतो. तीच ती पांढरी शिट. शार्क त्यातला बराचसा युरियाच्या रूपात रक्तात आणि मांसात मुद्दाम साठवून ठेवते, कारण त्यामुळेच खाऱ्या पाण्यात तिच्या अंगातले पाणी टिकते. मेल्यावर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात आणि मुशीला तो नाकात जाणारा वास सुटतो. ऊन लागले की वास लवकर येतो, भाव पडतो, आणि मग 'मोजणीवाल्यांमुळे माल खराब झाला' ही तक्रार रास्तच ठरते. म्हणून मोजणी सावलीत, बर्फावर आणि लिलावाच्या आधीच उरकायची. गरुडाच्या बाजूने तीच रसायनविद्या उपयोगी पडते. झाडाखालच्या पानांवर ताजे पांढरे शिंतोडे असतील तर घरटे वापरात आहे. नुसती काटक्यांची रास दिसली म्हणून जोडी आहे असे लिहायचे नसते, कारण गरुड वर्षानुवर्षे तेच घरटे वाढवत नेतात आणि काही जोड्यांची दोन-दोन घरटी असतात.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात या गरुडाच्या घरट्यांची पाहणी केली. अशा पाहणीचा पहिला नियम मुशीच्या वहीलाही लावावा: शून्यही लिहायचे. झाड पाहिले आणि घरटे नव्हते, ही नोंद असते. तसेच होडी आली आणि मुशी नव्हती, हीसुद्धा नोंद असली पाहिजे. आज वहीत फक्त सापडलेला माल येतो. दुसरा नियम मेहनत लिहायचा. किती तास पाहिले ते लिहिल्याशिवाय दिसलेल्या पक्ष्यांच्या संख्येला अर्थ नाही. जाळे किती तास पाण्यात होते, फेरी एका दिवसाची की आठ दिवसांची, हे लिहिल्याशिवाय किलोंनाही नाही. पाच टोपल्या एका रात्रीत आल्या की आठवडाभर ओढून आल्या, यात सगळे आले.

नमुना बिघडतो कुठे, तेही सांगतो. टोपलीच्या वरच्या थरात मोठा माल रचायची पद्धत सगळीकडे आहे. त्यात कोणाला दोष देण्यासारखे नाही, धंदा आहे. पण वरचे पन्नास मोजले तर समुद्रात सगळ्या प्रौढच आहेत असे दिसेल. एक टोपली पूर्ण पालथी करून ओळीने मोजावी. दुसरी गळती कुट्याची, म्हणजे बाजारात न खपणाऱ्या मासळीची. बारा-पंधरा सेंटिमीटरची पिल्ले लिलावात येतच नाहीत, ती बारीकसारीक मासळीबरोबर कुट्याच्या ढिगात जातात आणि तिथून सुकून खाद्याच्या कारखान्यात. कुट्याच्या ढिगातून दोन किलो उचलून त्यातली पिल्ले मोजल्याशिवाय उघड्या बेंबीचा हिशेब अपुराच. तिसरी गोष्ट, पोटातली पिल्ले. ती बंदरावर दिसत नाहीत, मासळी कापताना दिसतात. बाजारात बसून मुशी साफ करून देणाऱ्या कोळणींना कोणत्या महिन्यात पोटातून किती पिल्ले निघतात हे कोणाही अधिकाऱ्यापेक्षा नेमके ठाऊक असते. प्रत्येक बाजारात दोघी-तिघींना मानधन देऊन पिल्लांची संख्या आणि साधारण लांबी टिपून घ्यावी. आमच्या मते या सगळ्या योजनेतला हा सर्वांत भरवशाचा भाग ठरेल.

गिऱ्हाईकाच्या बाजूने एक गोष्ट जाता जाता. पारा साठतो तो मोठ्या आणि दीर्घायुषी शार्कच्या मांसात. पाच-सहा वर्षे जगणाऱ्या मुशीला तेवढा साठवायला वेळच मिळत नाही. पण कापून तुकडे झाले की सगळीच 'मुशी', आणि बाळंतिणीसाठी नेमके काय घरी आले ते कळायला मार्ग नाही. जातवार नोंद झाली तर जातवार विक्रीही मागता येईल.

हे सगळे आत्ताच का, असा प्रश्न येईल. २००१ सालाची आठवण करून देतो. त्या वर्षी मे महिन्यात व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले. जुलैमध्ये झाडून सगळ्या शार्क आणि पाकट त्यात घातल्या. किनाऱ्यावरून विरोध झाला आणि डिसेंबरमध्ये यादी दहा जातींवर आली. पाच महिन्यांत सगळ्यांवरून दहांवर. बंदी घालणाऱ्याला सरसकट 'शार्क' दिसत होती आणि विरोध करणाऱ्याला सरसकट 'मुशी'. मधल्या जाती ओळखून बोलण्यासारखी नोंद कोणाच्याच हातात नव्हती. गरुडाच्या संरक्षणाबाबत अशी उलटापालट झाली नाही, कारण तो कोणाच्या रोजच्या मिळकतीचा भाग नव्हता, आणि तो कोणता पक्षी याबद्दल दुमत नव्हते.

दुसरे, नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे झालेल्या साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिषदेत मुशीचे संपूर्ण कूळ दुसऱ्या परिशिष्टात आले आणि वर्षभराने ते लागू झाले. म्हणजे या कुळातल्या कोणत्याही शार्कचा माल देशाबाहेर पाठवायचा तर त्या धरण्याने जातीला धोका पोहोचत नाही हे शास्त्रीय नोंदींवरून दाखवावे लागते. परांची निर्यात २०१५ पासून बंदच आहे, पण मांस, कातडे, तेल यांना परवाना लागणार. तो परवाना 'मुशी, अमुक किलो' यावर मिळत नाही. खरी मुशी जपून धरणाऱ्या होडीला तिच्या शेजारच्या टोपलीतल्या कानमुशीचा भुर्दंड बसू नये असे वाटत असेल तर वेगळा रकाना ही संस्थेचीच गरज आहे.

नोंदी हातात आल्यावर काय करायचे, हेही मांडतो, नाहीतर वह्या कपाटात जातील.

डोलीच्या खोल्याचा (शेवटच्या पिशवीचा) आस, म्हणजे जाळ्याचे भोक, सरसकट मोठा करा, ही सूचना आम्ही करणार नाही. डोल जवळ्यासाठी आणि बोंबलासाठी असते, आस वाढवला की जवळा निघून जातो आणि डोलकऱ्याची चूल विझते. शिवाय किमान आकाराचा नियमही इथे लंगडा पडतो. पापलेटाला एक आकडा लावता येतो, कारण पापलेट म्हणजे पापलेट. 'मुशी'ला पस्तीस सेंटिमीटरचा आकडा लावला तर पंचेचाळीसची तान्ही कानमुशी त्यात आरामात कायदेशीर ठरते. आकडा लावायचाच तर जातवार लावा.

जाळ्यात आलेली पिल्ले परत सोडा, हेही ऐकायला बरे वाटते. व्हेल शार्कच्या बाबतीत ते जमते. ती मोठी, दणकट असते, जाळे कापले की निघून जाते, आणि त्या कापलेल्या जाळ्यासाठी आपल्या राज्याने २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाईची सोय केली, ती चांगलीच आहे. पण कानमुशी जाळ्यात फार लवकर मरते, आणि ओढीच्या पाण्यात खोल्यात दाबली गेलेली मुशीची पिल्ले वर येईपर्यंत बहुतेक मेलेलीच असतात. मेलेला मासा समुद्रात टाकून कोणाचेच पोट भरत नाही, फार तर गरुडाचे.

उरतो जागेचा आणि वेळेचा उपाय, आणि इथे डोल कामाला येते. डोलीचे खुंट ठरलेल्या जागी असतात, कोणाचा खुंट कुठे ते गावाला ठाऊक असते. ट्रॉलर रात्रभर कुठे फिरला ते सांगणे अवघड, पण डोलीत उघड्या बेंबीचे पिल्लू आले तर ते कुठल्या पाण्यात आले ते बोटाने दाखवता येते. झाडावरच्या घरट्याइतकाच तो पत्ता पक्का. दोन हंगाम असे टिपले की कोणत्या खाडीच्या तोंडाशी, कोणत्या महिन्यात, कोणत्या जातीची तान्ही पिल्ले जास्त येतात याचा नकाशा उभा राहतो. मग सगळा किनारा बंद न करता तेवढ्या पाण्यात तेवढे आठवडे ट्रॉल ओढू नये आणि बारीक आसाची वावरी जाळी टाकू नये, असा नियम संस्थांच्या संमतीने करता येईल. आजची १ जून ते ३१ जुलैची बंदी उपयोगाचीच आहे. पण मुशी वर्षभर पिल्ले देते, दोन महिन्यांच्या कुलपाने तिचा सगळा हंगाम झाकला जात नाही. आणि कानमुशीच्या पिल्लांचा जोर आपल्याकडे नेमका कोणत्या पाण्यात आणि कधी, हे वहीशिवाय ठरवणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

खात्याकडून मागणी मोठी नाही. संस्थेमागे दोन फळ्या, चार जातींच्या डोक्याचे, परांचे आणि तोंडाच्या कोपऱ्याचे रंगीत चित्रांचे एक प्लॅस्टिक पत्रक, ओल्या हाताने लिहिता येईल अशी जाड कागदाची वही आणि दोन माणसांचे आठवड्यातल्या दोन सकाळींचे मानधन. वहीत रकाने असे: तारीख, जाळ्याचा प्रकार, खुंटाची किंवा ओढीची जागा, पाण्याची खोली किती वाव, जाळे किती तास पाण्यात, जात, नर की मादी, लांबी मिलिमीटरमध्ये, बेंबी उघडी, मिटलेली की नाही, आणि शेवटी शेरा. प्रत्येक पन्नासामागे एका माशाचे मोबाइलवर तीन फोटो काढावेत: बाजूने फळीसकट, खालून तोंडाचा कोपरा आणि मागच्या दोन परांचा. नंतर नाव चुकले असे वाटले तर तेवढ्यावरून दुरुस्त करता येते.

वही संस्थेची राहावी, खात्याला तिची प्रत जावी, आणि त्या नोंदींवरून कोणाही होडीवर दंड होणार नाही असे परिपत्रक आधी निघावे. हे झाले नाही तर पहिल्या आठवड्यानंतर एकही कानमुशी वहीत दिसणार नाही. ती समुद्रातच राहील असे नाही, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला उतरेल इतकेच.

सुरुवात सातपाटी, हर्णै आणि मालवण अशा तीन ठिकाणी करावी. तिघांची जाळी, पाणी आणि बाजार वेगळे आहेत, त्यामुळे पद्धत कुठे अडते ते एका हंगामातच कळेल. नारळी पौर्णिमेला होड्या बाहेर पडण्याआधी फळ्या आणि वह्या बंदरावर पोहोचल्या तर पहिल्या फेरीपासून नोंद धरता येईल. उशिरा पोहोचल्या तर तो हंगाम अर्धवट गणला जाईल आणि तुलनेला धरता येणार नाही.

आपले,
कोकण किनाऱ्यावर पक्ष्यांची आणि मासळीची मोजणी करणारे कार्यकर्ते